नव्या विद्यापीठात वाट कशी सापडते?



नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं, की सुमारे ३५ किलोमीटरवर राहुरी तालुक्यात एक आगळंच ‘गाव’ लागतं. या गावात शेतं आहेत, फळबागा आहेत, गाईंचे गोठे आहेत. पण इथला कारभारी असतो कुलगुरू, आणि गावकरी असतात विद्यार्थी न‌् प्राध्यापक! ओळखलंत ना? हे आहे महात्मा फुले कृषी विद्यापीठ.

१९६८ साली ते सुरू झालं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचं हे एकच कृषी विद्यापीठ होतं. पुढे १९६९ साली अकोल्याला आणि १९७२ साली परभणी व दापोलीला अशी आणखी तीन झाली. आता राहुरीकडे कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंतचे दहा जिल्हे आहेत.

समजा, तुमच्या ताईला इथं प्रवेश मिळाला. वळकटी, पेटी आणि आईनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन ती फाटकातून आत शिरली. समोर रस्ता, त्याला फुटलेले आणखी रस्ते, आणि चहूकडे इमारतीच इमारती. वसतिगृह कुठलं? कार्यालय कुठलं? जेवायचं कुठं? शाळेत कसं, एक घंटा झाली की सगळं जागच्या जागी! इथं घंटाच नाही. मग काय करायचं? चला, काही युक्त्या शिकू या. तुम्ही पुढे कुठल्याही कॉलेजात गेलात तरी त्या उपयोगी पडतील.

युक्ती पहिली : इमारतीचं काम ओळखा

कृषी विद्यापीठाची कामं तीन – शिक्षण, संशोधन आणि विस्तार. ही तीन कामं ध्यानात ठेवली की नकाशा निम्मा सोपा होतो.

शिक्षण म्हणजे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह. राहुरीत पदव्युत्तर महाविद्यालय आहे आणि डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे.

संशोधन म्हणजे प्रयोगाची शेतं आणि गोठे. तुम्ही खाता ते लालचुटुक ‘भगवा’ डाळिंब माहीत आहे ना? ते वाण याच विद्यापीठानं दिलं. ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गायही इथलीच. गीर, होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी अशा तीन जातींचा संगम, म्हणून त्रिवेणी! तेव्हा इथं शेत हासुद्धा वर्गच असतो, बरं का. त्यातून आडवी वाट काढायची नाही. एखाद्याचा वर्षभराचा प्रयोग पायाखाली जायचा!

विस्तार म्हणजे हे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणं. माती तपासून घ्यायला, बियाणं न्यायला, सल्ला विचारायला शेतकरी येतात, ते या कामासाठी.

युक्ती दुसरी : आपला नकाशा आपण काढा

छापील नकाशा मिळाला तर घ्याच. पण पहिल्या दोन दिवसांत पायी हिंडून एक नकाशा स्वतः वहीत काढा. आधी फाटक आणि मुख्य रस्ता काढायचा. मग सूर्य बघून पूर्व दिशा मांडायची. मग खुणा टिपायच्या – पाण्याची टाकी, वडाचं झाड, चहाची टपरी. आणि प्रत्येक ठिकाणापुढे तिथं काय काम होतं तेही लिहायचं. बोनाफाइड दाखला कुठं मिळतो? शिष्यवृत्तीचा अर्ज कोण घेतं? रात्री ताप आला तर कुठं जायचं? हे शेवटचं ताप येण्याआधीच बघून ठेवलेलं बरं, हो की नाही?

युक्ती तिसरी : पुस्तकाचा पत्ता वाचा

मोठ्या ग्रंथालयात हजारो पुस्तकं असतात. त्यांतून आपलं कसं सापडायचं? प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक आकडा असतो. तोच त्याचा पत्ता! अनेक ग्रंथालयांत ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची पद्धत वापरतात. तिच्यात शेतीचा आकडा ६३०. शेतातली पिकं ६३३, फळबागा ६३४, भाजीपाला ६३५ आणि पशुपालन ६३६. म्हणजे डाळिंबाचं पुस्तक हवं असेल, तर कुठल्या कपाटाशी जाल? बरोब्बर, ६३४!

युक्ती चौथी : विचारा!

ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड युक्ती. खेड्यातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलाला वाटतं, ‘मी विचारलं तर हसतील. माझी बोली वेगळी आहे.’ मग तो गप्प बसतो. शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते. ग्रंथालयाचं कार्ड काढायचं राहतं. सोयी सगळ्या असतात, पण लाजेपायी त्या त्याच्या वाट्याला येत नाहीत. हे नुकसान चुकलेल्या वाटेपेक्षा कितीतरी मोठं! ज्या महात्मा फुल्यांचं नाव या विद्यापीठाला दिलं आहे, त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकावं, हाच त्यांचा आग्रह होता. मग त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात शेतकऱ्याच्या लेकीनं का लाजावं?

विचारायचं कुणाला? कृषी विद्यापीठांत विद्यार्थ्याला सल्लागार प्राध्यापक नेमून दिलेले असतात. वसतिगृहात अधीक्षक असतात. वरच्या वर्गातले दादा-ताईही असतात. वाट दाखवणारा दादा लगेच ओळखू येतो. तो तुम्हाला पोचवतो आणि आपल्या कामाला निघून जातो. पण कुणी धमकावू लागला, नको ते करायला लावू लागला, तर ते रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ सालच्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर देशभरातून केव्हाही फुकट तक्रार करता येते. हा क्रमांकही वहीतल्या नकाशावर लिहून ठेवा.

आणि आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलीचा फोन आला की ‘जेवलीस का?’ हे विचाराच. पण जोडीला ‘ग्रंथालय पाहिलंस का? तुझे सल्लागार कोण? मैत्रीण झाली का?’ हेही विचारा. उत्तरावरून तिचा जीव तिथं रमला की नाही, ते तुम्हाला उमगेल.

आता एक गंमत! कृषी महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काही महिने खेड्यात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. लोक त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. ते गावात येतात, चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. तेव्हा नवखे असतात ते, आणि जाणकार असता तुम्ही! ओढा कुठं, जुनी विहीर कुठं, गावठाण कुठवर, हे त्यांना तुमच्याइतकं कोण सांगणार?

तेव्हा या सुट्टीत एवढं करा. आपल्या गावाचा किंवा शाळेचा एक नकाशा काढा. नव्यानं आलेल्या मुलाला कळेल असा. मग जूनमध्ये शाळा उघडली, की वर्गात जो नवा चेहरा दिसेल त्याच्याजवळ जा आणि म्हणा, “चल, पाण्याचे नळ कुठं आहेत ते दाखवतो!”