पाठ नसलेले आसन

खुर्चीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्टुलाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. माळ्यावरचा डबा काढायला, बल्ब बदलायला, पाहुणे जास्त झाले की पुढे सरकवायला, असा तो घरातला हरकाम्या. गेली काही वर्षे मी पुस्तके आणि मोजपट्टी घेऊन, माझ्या परीने, फर्निचरचा अभ्यास करतो आहे. त्यातून माझे एक मत झाले आहे: रचनाकाराची खरी परीक्षा स्टुलात होते. खुर्चीची पाठ आणि हात पुष्कळ उणिवा सांभाळून घेतात. स्टुलाचा संसार मात्र एवढाच: बैठक, पाय आणि त्यांना जोडणारा सांधा.

आधी पाय पाहू. आपल्या ‘तिवई’च्या नावातच तीन पाय आहेत, आणि त्याला कारण आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाट पातळी जातेच; म्हणून शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही तिवई डुगडुगत नाही. चौथा पाय आला की त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घालणे आले. पण तीन पायांना दुसरी किंमत मोजावी लागते. पाय ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर टेकले आहेत असे धरा. मध्यापासून आधाराच्या कडेचे सर्वांत कमी अंतर तीन पायांना साडेसात सेंटिमीटर, चार पायांना सुमारे साडेदहा आणि पाच पायांना सुमारे बारा भरते. हे अंतर जितके जास्त, तितके कलंडणे अवघड. कचेरीतल्या चाकांच्या खुर्चीला पाच पाय का असतात, याचे उत्तर इथेच आहे.

पायांपेक्षा अवघड प्रकरण सांध्याचे. माणूस बसल्या बसल्या वाकतो, वळतो, तेव्हा प्रत्येक पाय तरफेसारखा सांध्यावर जोर करतो. म्हणून सुतार पायाचे कुसू बैठकीत ठोकून बसवतात आणि शिवाय पायापायांत आडव्या पट्ट्या घालतात. या पट्ट्या काढून टाकण्याची करामत फिनलंडच्या आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने ओटो कोर्होनेन या फर्निचर-कारखानदाराच्या साथीने केली. बर्चच्या दांड्याचे एक टोक रेषांच्या दिशेने करवतीने अनेक ठिकाणी चिरायचे, चिरांत गोंद लावलेले लाकडाचे पातळ काप सरकवायचे आणि ते टोक काटकोनात वाकवायचे. गोंद वाळला की खाली अखंड लाकूड आणि बाकात थरांचे लाकूड, असा एकसंध पाय तयार होतो. वाकलेला भाग बैठकीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवला की काम संपले.

१९३३ मध्ये पुढे आलेले हे ‘स्टूल ६०’ म्हणजे गोल बैठक, तीन पाय आणि ४४ सेंटिमीटर उंची. आडवी पट्टी नसल्याने एकावर एक रचताना पाय अडत नाहीत. थोडे थोडे फिरवत रचले की मळसूत्री चळत होते. १९३५ मध्ये उघडलेल्या वीपुरीच्या ग्रंथालयात ही स्टुले होती. ते शहर आज रशियात आहे. स्टूल अजूनही बनते आणि विकले जाते.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या उल्मच्या रचनाविद्यालयाचे. पैसा बेताचा, विद्यार्थ्यांना तर बसायला काही हवे. १९५४ मध्ये मॅक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी तीन फळ्या आणि एक गोल दांडा एवढ्यात काम भागवले. फळ्यांचे कोपरे बोटांत बोटे गुंफावीत तसे जोडलेले. खालचा दांडा फळ्यांना ताठ धरतो आणि उचलायला मूठही होतो. उभे ठेवले तर आसन, आडवे केले तर बुटके आसन, उलटे केले तर पुस्तके वाहायचे साधन.

हाच विचार आपल्या चहाच्या टपरीवरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलातही आहे. साच्यातून बैठक आणि पाय एकत्रच निघतात, त्यामुळे सुटा सांधा नाहीच. बैठकीतले भोक बोट घालून उचलायला असते, आणि चळतीतून स्टूल ओढताना आत हवा जाऊन ते चिकटत नाही. ते स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नये.

आता उंची. बैठक आणि समोरचा पृष्ठभाग यांत साधारण २५ ते ३० सेंटिमीटर अंतर हवे. ९० सेंटिमीटरच्या ओट्याला ६० ते ६५चे स्टूल लागते, ११० सेंटिमीटरच्या काउंटरला ८०च्या आसपासचे. उंच स्टुलाला पाय टेकायला दांडी नसेल, तर पाय लोंबकळून मांडीखाली कड रुतते. उपाहारगृहांतल्या कित्येक देखण्या स्टुलांवर म्हणूनच गिऱ्हाईक फार वेळ टिकत नाही.

गिऱ्हाइकाला निदान बसायला मिळते. काउंटरपलीकडे दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाचे काय? ब्रिटनमध्ये १८९९ साली यासाठी कायदा झाला: दुकानात दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक आसन ठेवायचे. आपल्याकडे केरळातल्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया या हक्कासाठी लढल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात बसण्याची सोय आली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली.

पण कायद्याने आसन दिले तरी ते वापरता येईल असे करणे रचनाकाराच्या हाती असते. काउंटरमागे जेमतेम दोन फूट जागा, त्यात पाठीमागची कपाटे; तिथे खुर्ची अडचणच होते. तिथे स्टूलच हवे: काउंटरखाली सरकणारे, बसल्यावरही गिऱ्हाइकाशी नजर जुळेल इतक्या उंचीचे, पाय टेकायला दांडी असलेले आणि बसता-उठता न कलंडणारे. नव्या दुकानाचा आराखडा काढताना गिऱ्हाइकांसाठी स्टुले निवडण्यात दिवस जातात. काउंटरमागची जागा मोजायला पाच मिनिटे पुरतात. ती मोजणी सुतार यायच्या आधी व्हायला हवी, कारण काउंटर एकदा उभे राहिले की त्याच्याखाली स्टुलासाठी जागा काढणे अवघड होऊन बसते.