गाव कोणतं?

त्र्यंबकहून जव्हारच्या रस्त्याला लागलं की अंबोलीच्या अलीकडे भातखाचरं दिसू लागतात. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कापणी झालेल्या एका खाचरात दोघं बाप-लेक वाघर ताणत होते. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मेखा ठोकायच्या, जाळी ओढून बांधायची, की मेंढरांचं रात्रीचं घर तयार. घोड्यावरून आधी कोंबड्या उतरल्या, मग दोन कोकरं, मग भांडी. बाईने तीन दगड मांडले आणि चूल पेटलीसुद्धा. ब्रह्मगिरीच्या कड्यावर अजून ऊन होतं.

मेंढपाळांचा हा वाडा, म्हणजे फिरतं बिऱ्हाड, सिन्नरच्या पूर्वेकडचा. तिकडे पाऊस तुटपुंजा, इकडे त्र्यंबकला धो धो. ओल्यात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून पावसाळाभर हा मुलूख त्यांना वर्ज्य. भात निघालं की मात्र उतरायचं, पुढे मोखाड्याकडून कोकणात जायचं आणि उन्हाळा सरताना परतायचं.

खाचराचा मालक महादेव कोळी समाजाचा. त्याला लेंडीखत हवं होतं. दोन रात्री मेंढरं बसवायची, बदल्यात चार पायल्या तांदूळ आणि थोडे रोख. ठराव उभ्या उभ्याच झाला. या लोकांच्या पोटाची सगळ्यात जुनी व्यवस्था ती हीच. तिला कुठला अर्ज लागत नाही. पण आता खताच्या गोण्या आल्यात, खाचरांवर बंगले चढू लागलेत आणि बसवायला बोलावणारी शेतं कमी होत चाललीत.

जेवताना मी त्या बापाला विचारलं, ‘‘मामा, रेशनचं कसं करता?’’

‘‘आता मिळतंय की वाटंत. आधी दुकानदार इचारायचा, गाव कोणतं? गाव सांगितलं की म्हणायचा, मग तिकडंच जावा.’’

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य ठरवून दिलं, अंत्योदयाला कार्डामागे 35 किलो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ आल्यावर ते कुठल्याही दुकानातून उचलता येऊ लागलं. गावी राहिलेली घरची म्हातारी तिकडे काही उचलते, उरलेलं हे वाटेत घेतात. वाड्याला खरा उपयोग या वाटणीचा. मात्र मशीनवर मामांचा अंगठा उमटत नाही. जन्मभर काठी आणि दोर धरलेले हात ते. सुनेचा उमटतो, म्हणून धान्य घ्यायच्या दिवशी दुकानात सून जाते आणि मेंढरांमागे एक माणूस कमी पडतो. पदरात पडतो तो गहू-तांदूळ. बाजरी विकत.

त्र्यंबकला अन्नदानाची वाण नाही. पण पंगतीत बसायचं तर दीडशे मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडायची?

मदत करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो असं मला वाटतं. सरकार असो की संस्था, त्यांच्या मनातला गरीब एका जागी राहतो. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली, परदेशी मिलो ज्वारी आली. त्यानं लाखो माणसं जगली. पण ते मिळायचं काम जिथे चालू तिथे. मेंढपाळ काम शोधत नसतो, तो चारा शोधत असतो. चारा छावण्याही उभ्या राहतात त्या मुख्यतः गाई-बैलांच्या.

पाणलोट विकासाचं तर आणखी अवघड. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत श्रमदान होतं, कुऱ्हाडबंदी होती, तशी चराईबंदीही होती. पुढे नगर जिल्ह्यात संस्थांनी गावोगाव तीच अट नेली. विहिरींना पाणी वाढलं, हे नाकारायचं कारण नाही. पण ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा त्या टेकडीच्या गवतावर जगणारा माणूस कोकणात होता. परतला तेव्हा डोंगर बंद.

याउलट, सिन्नरला ‘युवा मित्र’ने शेळ्या राखणाऱ्या बायकांमधूनच पशुसखी तयार केल्या. त्या घरोघर फिरून लस टोचतात, जंताचं औषध पाजतात. त्या बायकांची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची उत्पादक कंपनीही आहे. जनावर वाचलं तर धान्य आपोआप येतं, हे त्यांना धान्याची पोती वाटणाऱ्यांच्या आधी कळलं. अर्थात त्यांच्या शेळ्या संध्याकाळी घरी येतात. हा वाडा त्या वेळी घाटात असतो. वाटेत मेंढरू पडलं तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावायचा, तोही रेंज असली तर.

केनियाच्या मार्साबितमध्ये 2010 पासून एक विमा आहे. उपग्रह कुरणाची हिरवाई मोजतो आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की पशुपालकाला पैसे मिळतात. मेलेलं जनावर दाखवावं लागत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आन् आपलं गवत कोण मोजतंय?’’

आपल्या राज्यात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 27 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. ‘महामेष’ योजनेत 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि एक नर मिळतो. वाड्यातल्या तरुणाने त्यासाठी अर्ज भरला होता. त्याला काळजी एकच, निवड झाल्याचा निरोप आला तर तेव्हा आपण कुठे असू?

रात्री कुत्री दोनदा भुंकली. मामा घोंगडीतून उठले, वाघरीभोवती चक्कर मारून आले. पहाटे कोकरू व्यालेल्या एका मेंढीला सुनेने भाताची पेज पाजली. आदल्या संध्याकाळी मिळालेल्या तांदळातलीच.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाघर गुंडाळली. तांदळाचं पोतं घोड्याच्या एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला जाळीत ते नवं कोकरू. वजन सारखं होईना, म्हणून सुनेने पोत्यातला थोडा तांदूळ काढून कोकराखाली सरकवला आणि घोडं हाकललं.