इंग्रजी साहित्य, दोन टप्प्यांत

बेव्हर्ली क्लिअरी या अमेरिकेतल्या गाजलेल्या बालसाहित्यिका. शाळा संपल्यावर त्या ओरेगनहून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावी नातेवाइकांकडे आल्या आणि तिथल्या चॅफी ज्युनिअर कॉलेजात शिकल्या. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात जाऊन १९३८ साली त्यांनी इंग्रजीची पदवी घेतली. तोच रस्ता आज कॅलिफोर्नियात हजारो मुलं धरतात, फक्त ज्युनिअर कॉलेजाला आता कम्युनिटी कॉलेज म्हणतात आणि नियमांचं पुस्तक बरंच जाड झालं आहे.

रचना समजायला आपल्याकडचा डिप्लोमा आठवावा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, तसंच काहीसं. कॅलिफोर्नियात ही सोय कला शाखेलाही आहे आणि प्रवेश थेट तिसऱ्या वर्षाला मिळतो. १९६०च्या मास्टर प्लॅनने राज्यातल्या उच्चशिक्षणाचे तीन मजले ठरवले: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, त्याखाली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि तळाला सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. ती आज शंभराहून अधिक आहेत. वरच्या दोन मजल्यांवर जायचा जिना खालूनच बांधलेला असावा, हा त्या योजनेचा गाभा.

चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० सेमिस्टर युनिट लागतात, त्यातली ६० कम्युनिटी कॉलेजात करता येतात. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तीही माफ होते. परदेशातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला मात्र कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. पुण्या-मुंबईहून ‘स्वस्त मार्ग’ म्हणून याकडे पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. डी अँझा आणि फुटहिल या बे एरियातल्या मराठी घरांना परिचित कॉलेजांत वर्ष क्वार्टरमध्ये विभागलेलं असतं. तिथे ६० ऐवजी ९० क्वार्टर युनिट म्हणतात, काम तेवढंच.

वर्गात घडतं काय? पहिला कोर्स लेखनाचा. वाचायचं, युक्तिवाद मांडायचा, कच्चा खर्डा द्यायचा, शेरे आले की पुन्हा लिहायचा. दुसरा कोर्स चिकित्सक विचार आणि लेखनाचा. यूसीला इंग्रजी लेखनाचे असे दोन कोर्स लागतातच, मग विषय कोणताही असो. उलट साहित्याच्या विद्यार्थ्याला गणिताचा एक कोर्स चुकत नाही. बहुतेक जण संख्याशास्त्र घेतात आणि कुरकुरत का होईना, पास होतात.

खरं साहित्य सुरू होतं सर्वेक्षणाच्या कोर्सपासून. ब्रिटिश साहित्य दोन भागांत: ‘बेओवुल्फ’पासून अठराव्या शतकापर्यंत आणि तिथून पुढे. अमेरिकन साहित्यही दोन भागांत. मधली रेघ सहसा १८६५ साली, यादवी युद्धाच्या शेवटाला. शिवाय जागतिक साहित्य, शेक्सपिअर, सर्जनशील लेखन, जे त्या कॉलेजात उपलब्ध असेल ते. विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मोठ्या सभागृहात व्याख्यान ऐकायचं आणि चर्चेला पीएचडी करणाऱ्या सहायकाकडे जायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. इथे एमए झालेले प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि निबंधही स्वतःच तपासतात. माझ्या मते या मार्गाचा सगळ्यात मोठा फायदा हा, पैशांपेक्षाही. दुसरी बाजू अशी की यातले बरेच जण तासिका तत्त्वावर असतात आणि एका आठवड्यात दोन-तीन कॉलेजं करतात. त्यांना तिथे फ्रीवे फ्लायर असं नावच पडलं आहे. पुढे शिफारसपत्र हवं असेल तर सत्र संपण्याआधी अशा शिक्षकाचा कायमचा ईमेल घेऊन ठेवावा.

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. कॉलेजचं वेळापत्रक पाहून कोर्स निवडू नयेत; जिथे जायचं आहे तिथून मागे वाचत यावं. त्यासाठी राज्याची ‘असिस्ट’ नावाची वेबसाइट आहे. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि विषय निवडला की त्या दोघांमधला करार समोर येतो: इथला हा कोर्स तिथल्या त्या कोर्सच्या जागी धरला जाईल. उदाहरणार्थ, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये इंग्रजीचं सर्वेक्षण तीन भागांत आहे: १६६०पर्यंत, १६६० ते १८५० आणि १८५०नंतर. कम्युनिटी कॉलेजातले दोन भाग त्या तिनांवर कसे बसतात, बसतात की नाही, हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नव्हे. करार वर्षागणिक बदलू शकतात, म्हणून आपल्या वर्षाचा करार उतरवून ठेवावा.

इंग्रजीवाल्यांची गाडी अडते ती याच टप्प्यावर. सामान्य शिक्षणाचे, म्हणजे विषय कोणताही असला तरी सगळ्यांना लागणारे कोर्स प्रत्येक सत्रात मिळतात. ब्रिटिश साहित्याचा पहिला भाग लहान कॉलेजात वर्षातून एकदाच येतो, कधी वर्षाआड. त्यातही पुरेशी नावं आली नाहीत तर तो वर्ग रद्द होतो. त्यामुळे दुर्मीळ कोर्स दिसेल त्या सत्रात घ्यावा. मानसशास्त्र पुढच्या सत्रातही असणारच आहे. रद्द झालाच तर शेजारच्या कॉलेजात किंवा ऑनलाइन तोच कोर्स करता येतो, मात्र त्या दुसऱ्या कॉलेजचा करार पुन्हा तपासून.

सामान्य शिक्षणासाठी २०२५च्या शरद सत्रापासून कॅल-गेटेक हा एकच आराखडा यूसी आणि सीएसयू दोघांना चालतो. त्याआधी वेगवेगळे आराखडे होते आणि मुलांचा गोंधळ उडे. लेखनाच्या पहिल्या कोर्सला राज्यभर एकच क्रमांक देण्याचं कामही त्याच वर्षी सुरू झालं.

प्रवेशाच्या हमीचे दोन प्रकार आहेत. २०१०च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी इंग्रजीत घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की. नेमक्या आवडत्या कॅम्पसवर मिळेलच असं नाही. यूसीकडे टॅग नावाची हमी आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, तोही सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या हमीत नाहीत. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. म्हणजे दोन वर्षांत निघायचं असेल तर अर्ज भरताना हातात फक्त पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे गुण असतात. ‘पहिलं वर्ष सेट व्हायला’ असं मानणारा इथेच मागे पडतो. शरद सत्राचे गुण नंतर जानेवारीत कळवायचे, निकाल साधारण एप्रिलअखेरपर्यंत येतात.

भाषेची अट बरेच जण विसरतात. यूसीएलएसारख्या कॅम्पसवर पदवीसाठी इंग्रजीखेरीज एक भाषा यावी लागते, आणि ती शून्यापासून शिकायची तर दोन-तीन सत्रं जातात. सहावीच्या पुढचं शिक्षण मराठी माध्यमात झालेल्याने शाळेच्या गुणपत्रिका घेऊन काउन्सेलरला भेटावं. दुसऱ्या भाषेतलं असं शालेय शिक्षण पुरावा म्हणून धरण्याची पद्धत तिथे आहे, तपशील कॅम्पसप्रमाणे बदलतो.

यूसीमध्ये पोचल्यावर युनिट सोबत येतात, गुणांची सरासरी येत नाही. ती तिथे कोऱ्या पानावर सुरू होते. तिसऱ्या वर्षाचे कोर्स एका लेखकावर, एका कालखंडावर किंवा एका सिद्धान्तावर बेतलेले असतात, निबंध लांब, आणि बहुतेक यूसी कॅम्पसवर क्वार्टर अवघ्या दहा आठवड्यांच्या शिकवणीचा. सोबतची मुलं दोन वर्षांपासून तिथल्या शिक्षकांना ओळखत असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जावं. कम्युनिटी कॉलेजातल्या साहित्याच्या कोर्सचे अभ्यासक्रम आणि तपासलेले निबंधही फेकू नयेत: एखादा कोर्स करारात नसेल तर विभाग त्याचा अभ्यासक्रम मागवून निर्णय घेऊ शकतो.