वर्गणीवर उडणारे हेलिकॉप्टर

डोंगरकपारीत माणूस जखमी होऊन पडला, तर रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत त्याचे प्राण टिकतील काय? बर्फाच्छादित पर्वतांच्या स्वित्झर्लंडने यावर उपाय शोधला. तेथे १९५२ साली हवाई बचाव संस्था स्थापन झाली. आज ती ‘रेगा’ म्हणून ओळखली जाते. १४१४ क्रमांकावर फोन येताच वैमानिक, डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्यसहायक निघतात. उतरायला जागा नसेल, तर डॉक्टर पोलादी दोराने खाली जातो व जागेवरच उपचार सुरू करतो.

आम्हा वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र अधिक कौतुक वाटते ते तिच्या जमाखर्चाचे. १९६६ साली पैशांची चणचण भासली, तेव्हा संस्थेने जनतेला हाक दिली. लोक वार्षिक वर्गणीदार झाले. आज सुमारे ९० लाख लोकवस्तीच्या त्या देशात वर्गणीदार ३५ लाखांहून अधिक आहेत. संस्था सरकारी अनुदान घेत नाही. आणि संकटात सापडलेल्याला वर्गणीची पावती कोणी विचारत नाही. आधी जीव, मग हिशेब.

बंधू-भगिनींनो, घराघरातून आलेल्या लहान रकमेचे बळ केवढे असते, ते येथे दिसते. जीव वाचणे ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे, हे आपण मुलाबाळांनाही सांगू या.