मांजरेकाठच्या मुरूमवाटा

बिदरच्या पठारावर आमच्या कोकणातल्यासारखाच तांबडा जांभा आढळतो, हे किनारपट्टीवरील वाचकांस सहसा ठाऊक नसते. गाणगापुरी भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून आमचे भाविक मोटारीने परततात. उत्तरेकडील मांजरेचे खोरे बहुधा न पाहताच! तेथील मुरमाच्या गाडीवाटा सायकलस्वारास वरदानच होत. भीमेकाठची काळी रेगड मात्र पावसात चाके धरून बसते. म्हणून शेतकऱ्यास बारमाही पक्की सडक हवीच. ती नाकारण्याचा अधिकार शहरी हौशी मंडळींना नाही. परंतु अशी सडक झाल्यावर नदीकाठच्या जुन्या वाटेवरही डांबर ओतण्याचा अट्टहास कशासाठी? ती बैलगाड्या, गुरे व सायकलींसाठी राखावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिदर-कलबुर्गीच्या जिल्हा पंचायतींनी तेथे मोऱ्या बांधाव्यात, मुरूम दाबावा आणि वाळूच्या ट्रकांस मज्जाव करावा.