तलावाकाठची मंडई

यंदाच्या कार्तिकात आमच्या गावची मंडई भरली, पण मंडईत दंडार झाली नाही. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी-साकोली पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य लिहितानाही जड जाते. तलावाच्या पाळीखाली जिथे पिढ्यान्‌पिढ्या ढोलकी वाजली, तिथे यंदा डीजेची भिंत उभी होती, ‘डान्स हंगामा’ होता आणि कमानीवर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फलक होते. गावच्याच माणसांच्या त्या रात्रीच्या खेळाचे, दंडारीचे, जुने गडी घरीच होते. त्यांना कुणी विचारलेही नव्हते. ते मनाला लागले, म्हणून हा मागोवा.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा मुलूख. इथले सण समजून घ्यायचे तर आधी इथले पाणी समजून घ्यावे लागते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव आणि बोड्या बांधल्या. नवेगावचा अफाट बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असे सांगतात. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले आणि मालगुजारी संपल्यावर, 1951 मध्ये, सरकारचे झाले. म्हणून ते माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांच्या वर आहेत. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणवला जातो तो यांच्यामुळे.

आमचे सणांचे वर्ष याच पाण्याने चालायचे. उन्हाळ्यात तलाव आटत यायचा, तेव्हा अक्षय तृतीयेला नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून पितरांना द्यायचे आणि आंब्याचा पन्हा करायचा. वैशाखात पाणी गुडघ्यावर आले की ढिवरांची जाळी पडायची, आणि त्या दिवशी अर्ध्या गावात मासळीचा वास. मग पाऊस, परे, रोवणी. राखीच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर भुजल्या घेऊन बाया पाळीवर जायच्या. जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसायचा आणि दुसऱ्या दिवशी तलावात शिरवला जायचा. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत रोगराई घेऊन शिवेबाहेर जायची आणि पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरायचा. गणपती, शारदा, कोजागिरी हे सगळे होत होत दिवाळी यायची. या साऱ्या सणांचा कळस म्हणजे मंडई.

पन्नास ते सत्तरच्या दशकांबद्दल मी फार लिहिणार नाही. ती वर्षे मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली, आणि ऐकलेल्यात दरवेळी तेच मालगुजाराचे वाडे आणि त्याच गॅसबत्त्या होत्या. मी जगलो ते दशक 1984 ते 1994 हे.

दिवाळीच्या सुमारास हलका धान घरात आलेला असतो आणि भारी धान अजून बांधीत उभा असतो. हातात थोडा पैसा, अंगाला थोडा विसावा. या फटीत मंडई बसवलेली आहे. बलिप्रतिपदेला गायगोधन होई. डफड्याच्या आणि बासरीच्या तालावर गोवारी ढाल नाचवत येत. भाऊबीजेपासून मंडया सुरू होत. शेजारच्या गावाची तारीख चुकवून आपली तारीख धरायची हा अलिखित नियम होता, त्यामुळे महिनाभर आज या गावी, उद्या त्या गावी असे खासर जुंपून जाणे चालायचे. लेकी माहेरी यायच्या, त्यांच्यामागे जावई, व्याही, त्यांचे पाहुणे. ‘मंडईला या’ असे बोलावून उपवर पोरी दाखवल्या जात आणि कितीतरी सोयरिकी तिथेच जुळत.

दिवसा बाजार. त्यात मला सगळ्यात आधी आठवतात ते शिंगाडे. ढिवरांनी तलावात लावलेले, डोंग्यात बसून तोडलेले, हिरवे नि उकडलेले काळे. शेजारी ऊस, पेरू, चिवडा, जिलेबी, मातीची खेळणी, बांगड्या. धान विकून आलेला पैसा ढिवराच्या, कुंभाराच्या, कासाराच्या हाती पडायचा. गावाच्या पाण्यावर पिकलेले पुन्हा गावातच फिरायचे. रात्री दंडार. नांगर धरणारी माणसेच तोंडाला रंग लावून राजा, राणी, विदूषक व्हायची. वेगळ्या पटांगणावर खडीगंमतीचा शाहीर दुसऱ्या शाहिराला सवालात अडकवायचा. ज्या गावाची ऐपत असे ते नाटक बसवी. पुरुषपात्रे गावच्या पोरांची, नट्या नागपूरहून बोलावलेल्या. रात्री दहाला सुरू झालेले नाटक तांबडे फुटेपर्यंत चाले आणि थंडीत घोंगड्या पांघरून माणसे शेवटच्या प्रवेशापर्यंत हलत नसत.

या दहा वर्षांतच घात सुरू झाला, आणि तो कुणी केला हे सांगायला हवे. पहिला दोष शिकलेल्या आमच्याच पोरांचा. नोकरी लागून शहरात गेलेले कित्येक जण सुटीत येत आणि बैठकीत सांगत की दंडार अडाण्यांची, खडीगंमत अश्लील, हे बंद करा. सुधारणेच्या नावाखाली त्यांनी म्हाताऱ्यांना खाली मान घालायला लावली. त्यांतल्याच काहींची मुले आज डीजेची वर्गणी गोळा करतात. दुसरा दोष पुण्या-मुंबईच्या त्या नाट्यचर्चेचा, जिच्या लेखी हजारो माणसे रात्रभर बसवून ठेवणारी रंगभूमी म्हणजे फक्त आरडाओरडा. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी दंडार, खडीगंमत आणि झाडीबोली यांचा जन्मभर अभ्यास केला. तो झाला नसता तर या कलांची आज नोंदही सापडली नसती. बाहेरून कुणी हे करायला आले नव्हते.

1987 मध्ये दूरदर्शनवर रामायण आले आणि चौकात एका टीव्हीभोवती गाव बसू लागले. पुढच्याच वर्षी, 22 एप्रिल 1988 रोजी, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. सिंचनाचे सारे बोलणे मोठ्या धरणाकडे आणि त्याच्या कालव्यांकडे वळले. गावच्या तलावाची पाळ कुणी बघायची हा प्रश्न मागे पडला. आणि 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी बांधव गेले. तो महिना कार्तिकाचा होता. ज्यांच्या ढालीने आमची मंडई उघडायची, त्यांची प्रेते मोजण्याची पाळी त्या वर्षी आली. माझ्यापुरते ते दशक तिथे संपले.

नंतरच्या वर्षांचे थोडक्यात सांगतो. 1999 मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. वडसा ही नाटक कंपन्यांची पेठ झाली, तिकिटे लागली, उलाढाल वाढली. त्या कलावंतांबद्दल माझी तक्रार नाही. 2023 मध्ये इथलेच नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान ताठ झाली. पण नाटक विकत आणता येते. दंडार गावालाच उभी करावी लागते, आणि गाव तिच्यासाठी एकत्र बसेनासे झाले.

ते का, याचे माझे उत्तर तलावातच आहे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळी ठेक्यावर. गावाला त्यात जाब विचारायला जागा राहिली नाही. गाळ साचला, काठाला बेशरम माजली, आत शेतीची अतिक्रमणे आली. शिंगाडा कमी झाला आणि ढिवरांची पोरे मजुरीला बाहेर पडली. तलाव सगळ्यांचा होता तोवर मंडईची वर्गणीही सगळ्यांची होती, पायलीभर धान देणाऱ्यालाही बैठकीत बोलता यायचे. आता एक जण लाखाची रक्कम टाकतो आणि काय वाजायचे ते तोच ठरवतो.

जुने सगळे गोड होते असे मी म्हणत नाही. मालगुजारी गेली ते बरेच झाले, तिच्यासोबत वेठही गेली. त्या मंडईत वाड्याची खुर्ची पुढे असायची आणि काही वस्त्यांना मागे उभे राहावे लागायचे. ते परत नको. पण विषमता घालवायची म्हणून सगळ्यांचे मिळून जे होते तेही उधळायचे, हा न्याय मला मान्य नाही.

माझे गाववाल्यांना, आणि मंडई भरवणाऱ्या प्रत्येक गावाला, सांगणे आहे. पुढच्या दिवाळीआधी मंडईची तारीख धरायला बसाल तेव्हा चार गोष्टी ठरवा. पहिली रात्र दंडारीची, आणि ती गावच्याच माणसांची. वर्गणी घरटी, कुणा एकाची नाही. कमानीवर कुणाचा फोटो नाही. आणि त्याच बैठकीत, उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून बांधीत टाकण्याचा ठराव करा. 2017 पासून त्यासाठी सरकारी योजनाही आहे. आमच्या गावात दंडारीचे बोल पाठ असलेली मोजकीच माणसे उरली आहेत आणि ती सत्तरीपार आहेत. त्यांच्यापाशी पोरांना बसवायचे असेल तर ते याच एक-दोन वर्षांत बसवा.