रकान्यातील एक ओळ

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, सैन्यातून अपंगत्व घेऊन परतलेल्या एखाद्या जवानाच्या घरी लोखंडी पेटीतून वैद्यकीय मंडळाचे जे कागद निघतात, त्यांत ‘व्याधी सेवेमुळे उद्भवली काय?’ या प्रश्नापुढे केवळ ‘नाही’ एवढाच शब्द आणि कारणाच्या रकान्यात एखादी त्रोटक ओळ असावी, व तेवढ्यावर त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन नामंजूर व्हावे, हा उघड अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली शिपाई धरमवीर सिंग यांच्या अपस्माराच्या प्रकरणात तत्कालीन नियमांचा अर्थ लावताना निःसंदिग्धपणे सांगितले की, भरतीच्या वेळी ज्या विकाराची दप्तरी नोंद नाही तो सेवेमुळेच जडला असे सामान्यतः गृहीत धरावे, पुराव्याचा भार जवानावर टाकू नये, आणि विरुद्ध मत देणाऱ्या मंडळाने आपली कारणे नमूद करावीत. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या मनोविकाराच्या प्रकरणात मंडळाचे मत बारकाईने तपासून न्यायालयाने फेरतपासणीचा हुकूम दिला.

प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि तेथेही दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा नामंजुरीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग आहे. म्हणून माजी सैनिकांना कळकळीची विनंती : मंडळाच्या अहवालाची नक्कल मागून घ्या, कारणाचा रकाना स्वतः वाचा, बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सल्ला घ्या, आणि अपिलाची मुदत टळू देऊ नका.